खजूर लावायचाय, पण कुठला?

डाळिंबावर तेल्या आला की आमच्या सांगोल्याकडे पर्यायी पिकांच्या गप्पा सुरू होतात. हल्ली त्यांत खजूर हमखास असतो. उन्हाचं पीक, चोपणात येतं, मचूळ पाणी चालतं, कीड-रोग नाही. यातलं निम्मं खरं आहे. झाडं वाढवून बसलोय, म्हणून उरलेल्या निम्म्याबद्दल सांगतो.

खजुरात नर आणि मादी झाडं वेगळी. बियांपासून केलेल्या रोपांत साधारण निम्मे नर निघतात, आणि ते कळतं तीन-चार वर्षांनी, पहिला फुलोरा आल्यावर. तोवर खत, ठिबक, खुरपणी सगळ्यांना सारखीच. एका रोपवाटिकेतून ‘टिश्यू कल्चर बारही’ म्हणून आलेल्या माझ्या ओळीत पोय फुटली आणि आतून पिठासारखी भुकटी उडाली. मादीच्या ऊतीपासून केलेलं रोप असं नर निघत नाही. ही रोपं बियांचीच होती. पावतीवर नुसतं ‘खजूर रोपे’, त्यामुळे भांडायला कागदच नव्हता. टिश्यू कल्चरचं रोप काही हजारांना पडतं, आठ बाय आठ मीटरवर एकरी साठेक बसतात. हिशेब तुम्हीच करा. पावतीवर जात, टिश्यू कल्चर असल्याचा उल्लेख आणि प्रयोगशाळेचं नाव लिहून घ्या. कोणी लिहून देत नसेल तर गाडी रिकामी परत आणा.

नर अजिबात नकोत असंही नाही. एकरी दोन-तीन हवेतच. नुसत्या वाऱ्यावर सोडलं तर बरीच फळं बिनबियांची, बारकी राहतात. मादीची पोय उकलली की दोन-तीन दिवसांत नराच्या फुलोऱ्याच्या काड्या आत खोवून सैलसर बांधायचं. नर आधी फुलला तर पराग सावलीत सुकवून घट्ट झाकणाच्या बाटलीत फ्रिजमध्ये ठेवा. आणि चष्मा घालूनच झाडात शिरा, पानांच्या बुडाचे काटे थेट डोळ्यांच्या उंचीवर येतात.

आता पाऊस. ऊन आपल्याकडे रग्गड आहे, पण फळ झाडावर तपकिरी होईपर्यंत पिकायला हवाही कोरडी लागते. ती इराकात असते, आपल्याकडे नेमका त्याच सुमारास पावसाळा. भिजलेलं फळ तडकतं, आंबतं. कच्छचे शेतकरी म्हणूनच पिकायची वाट बघत नाहीत. जून-जुलैत फळ करकरीत असतानाच घड उतरवतात. बऱ्याच जाती त्या अवस्थेत तुरट लागतात. बसऱ्याकडची बारही पिवळी असतानाच गोड, म्हणून आपल्याला तीच. सोलापूरला निसर्गाची एक सवलत आहे: इथला सगळ्यात जास्त पाऊस सप्टेंबरचा. जुलैत बऱ्यापैकी उघडीप मिळते, तेवढ्यात घड निघाले पाहिजेत.

सोलापूरच्या विजापूर वेशीतला रमझानचा बाजार डोळ्यांपुढे ठेवून लागवड करणारेही भेटतात. रमझान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो. जुलैत तो 2014 साली होता. शिवाय रोजा सोडायला लोक मऊ, पिकलेला खजूर मागतात. पिवळी बारही म्हणजे अजून कच्चं फळ, असाच पुष्कळांचा समज आहे. एक फळ हातावर ठेवल्याशिवाय गिऱ्हाईक हलत नाही.

आणि कीड नाही, हे तर साफ खोटं. गेंड्या भुंगा उकिरड्यात वाढतो आणि शेंडा पोखरतो. शेणखताचा ढीग बागेच्या कडेला ठेवू नका. सोंड्या भुंगा त्याहून वाईट. त्याची अळी खोडात आतून खाते, बाहेरून झाड धडधाकट दिसतं. ओढ्याकाठची शिंदी खजुराचीच सख्खी बहीण, तिच्यावरही हे भुंगे पोसतात. फुटवे काढल्यावर जखमेला त्याच दिवशी बोर्डो पेस्ट लावा. कामगंध सापळे बागेच्या मधोमध नाही, बांधावर टांगा, नाहीतर बाहेरचे भुंगे आपणच आत बोलावतो. खोडातून तांबूस चिकट पाणी पाझरलं की लगेच औषधाची सोय करा. शेंडा कोलमडल्यावर झाड तोडून जाळणंच उरतं.