लेंकरांचे दांत

दुधाचे दांत पडावयाचेच असतात, मग त्यांच्यासाठीं एवढा खटाटोप कशाला, असा प्रश्न मंडळीच्या घरोघरीं फिरतांना आम्हांस वारंवार ऐकावयास मिळतो. प्रश्न वरवर पाहतां रास्त दिसतो. परंतु त्याच्या पोटीं मोठी चूक आहे, आणि तिची किंमत लेंकरांस द्यावी लागते.

दुधाचे दांत २० असतात. ते केवळ चावण्यासाठीं नसून मागून येणाऱ्या कायमच्या दांतांची जागा राखून ठेवितात. दुधाची दाढ किडून अकालीं काढावी लागली म्हणजे शेजारचे दांत त्या जागेवर सरकतात व नवा दांत वांकडा उगवतो. दाढेच्या मुळाशीं पू झाल्यास खालीं घडत असलेल्या नव्या दांतासही इजा पोंचते. दाढ दुखणारें लेंकरूं भाकरी चावीत नाहीं, रात्रीं झोंपत नाहीं, आणि शाळेंत त्यास आळशी म्हणतात.

एका दाढेविषयीं विशेष सांगावयाचें आहे. सहाव्या वर्षाच्या सुमारास दुधाच्या शेवटच्या दाढेच्याही मागें, दोन्ही बाजूंस, वर व खालीं, एकेक नवी दाढ निघते. ती येतांना एकही दांत पडत नाहीं. म्हणून आई तिला दुधाचीच समजते. ही दाढ जन्मभराची आहे. तिच्या माथ्यावर खोल चिरा असून त्यांत अन्न अडकतें. ज्या घरीं सहा वर्षांचें मूल आहे त्या घरच्या आईनें आजच त्यास उजेडांत बसवून ही दाढ शोधावी.

दांत किड्यानें किडतो असें लोक म्हणतात, व बियांची धुरी देऊन किडे पाडून दाखविणारेही आढळतात. दांतांत असा किडा नसतो. तोंडांत डोळ्यांस न दिसणारे जंतु असतात. ते साखरेपासून आम्ल तयार करितात, आणि तें आम्ल दांताचें कठीण कवच झिजवितें. गोड खाल्ल्यावर सुमारें अर्धा तास हें काम चालतें; मग लाळ ती झीज हळूहळू भरून काढूं लागते. म्हणून मूल किती गोड खातें यापेक्षां कितीदां खातें हें अधिक महत्त्वाचें. जेवणाबरोबर खाल्लेल्या गुळाच्या खड्यापेक्षां दिवसभर गालांत धरलेली गोळी घातक होय. रात्रीं लाळ कमी सुटते. यास्तव गोड दुधाची बाटली तोंडांत ठेवून लेंकरास निजविणें सर्वांत वाईट. (शब्बाथशाळेंत वचन पाठ केल्याबद्दल गोळ्या वांटण्याची चाल आमच्या मंडळ्यांतही आहे. पेन्सिल दिली तर वचन कांहीं कमी पाठ होणार नाहीं.)

आतां मिश्रीविषयीं. ती तंबाखू भाजून केलेली असते हें सर्वांस ठाऊक आहे. तरी दांत बळकट होतात म्हणून, किंवा दुखऱ्या हिरडीवर उतारा म्हणून, कित्येक आया ती लहान मुलींच्याही बोटावर ठेवितात. ठणका क्षणभर बधिर होतो, कीड तशीच राहते, आणि मुलीस व्यसन लागतें. तोंडाच्या कर्करोगाचें भय निराळेंच. सरकारनें १९९२ सालीं दंतमंजन व टूथपेस्ट यांत तंबाखू घालण्यास बंदी केली. परंतु घरच्या तव्यावर भाजलेल्या मिश्रीस कोण अडविणार? उपासनेस येणाऱ्या कितीएक भगिनी दारूचा निषेध मोठ्यानें करितात व कनवटीस मिश्रीची डबी बाळगितात, हें आम्ही खेदानें लिहितों.

राखुंडी, कोळसा व विटेची भुकटी यांनीं कवच झिजतें. मऊ ब्रश व फ्लोराइडयुक्त टूथपेस्ट घ्यावी. ३ वर्षांखालील मुलास तांदळाच्या दाण्याएवढी, ३ ते ६ वर्षांच्या मुलास वाटाण्याएवढी पुरे. दिवसांतून दोनदां, त्यांतही निजण्यापूर्वीं अवश्य, दांत घासावे. पेस्ट थुंकावी, गिळूं नये. ७-८ वर्षांपर्यंत आईनें किंवा बापानें स्वतः घासून द्यावे. बाप हा शब्द आम्ही मुद्दाम लिहिला आहे. चंद्रपूर, यवतमाळ व नांदेड या जिल्ह्यांतील कांहीं गांवांच्या भूजलांत मुळांतच फ्लोराइड फार असून त्यामुळें मुलांच्या दांतांवर डाग पडतात. तेथील पालकांनीं पाणी तपासून घ्यावें व पेस्टविषयीं डॉक्टरांस विचारावें.

आमच्या घराण्यांतच दांत किडके, असें म्हणून पुष्कळ जण स्वस्थ बसतात. बापांच्या आंबट द्राक्षांची व मुलांच्या आंबलेल्या दांतांची म्हण इस्राएलांत चालू होती. ती पुन्हां उच्चारूं नये असें परमेश्वरानें यहेज्केल संदेष्ट्याच्या द्वारें बजाविलें (अध्याय १८). तेथें विषय पापाचा व न्यायाचा आहे, दांतांचा नव्हे. तरी आमच्या घरांतही त्या म्हणीचा आधार घेतला जातो. खरें पाहतां घराण्यांतून बहुधा उतरते ती खाण्याची व घासण्याची रीत. आईच्या तोंडांतील जंतु मात्र उष्ट्या चमच्यानें लेंकराच्या तोंडांत जातात. म्हणून तिनें आधीं आपले दांत दुरुस्त करून घ्यावे.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ सालीं सुरू झाला. त्याअन्वयें आंगणवाडींत वर्षांतून दोनदां व सरकारी शाळेंत एकदां मुलांची तपासणी ठरलेली आहे, व तींत दांतही पाहतात. त्या दिवशीं मुलास शेतावर नेऊं नये. डॉक्टरांनीं चिठ्ठी दिली तर ती कोनाड्यांत न ठेवितां त्याच आठवड्यांत मुलास रुग्णालयांत न्यावें. भोंक लहान आहे तोंच तें भरतां येतें.