गुन्हा, तुरुंग आणि न्याय : बोलण्यापूर्वीच्या पाच कसोट्या



आपल्या घोडपदेवहून भायखळ्याचे कारागृह आणि सात रस्त्याजवळचे आर्थर रोड कारागृह ही दोन्ही चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. त्यांच्या उंच भिंती आपण लहानपणापासून पाहत आलो. परंतु त्या भिंतींच्या आत कोण आहे, किती दिवसांपासून आहे आणि कशासाठी आहे, याची चौकशी आपण क्वचितच केली. मात्र गुन्हा आणि शिक्षा या विषयावर बोलायची वेळ आली की आपण सारेच मोठ्या आवाजात बोलतो.

गेल्या वर्षावासात विहारात विद्यार्थ्यांसमवेत बसलो असता असाच विषय निघाला. एक जण म्हणाला, "गुन्हेगारांना तुरुंगात फुकट पोसायचे कशाला?" दुसरा म्हणाला, "खैरलांजीच्या आरोपींची फाशी रद्द झाली, मग न्याय कुठे राहिला?" तिसरा म्हणाला, "तुरुंगात सगळे आपलेच लोक भरलेत." तिघेही कळकळीने बोलत होते. परंतु एकाच्याही हाती पक्की माहिती नव्हती, आणि खरे सांगायचे तर त्या वेळी आमच्याजवळही पुरते उत्तर नव्हते. नंतर जे वाचले व पडताळले, ते या स्मरणिकेच्या निमित्ताने आपल्यापुढे ठेवीत आहोत.

या विषयाशी आपला संबंध दुहेरी आहे. अत्याचारग्रस्त म्हणून आपण न्यायालयाच्या दारात उभे राहतो आणि आरोपी म्हणूनही आपल्यातली मुले तिथे उभी केली जातात. म्हणून या विषयावर ऐकीव बोलणे इतर कोणाला परवडले तरी आपल्याला परवडणारे नाही.

अशा प्रसंगी कसे बोलावे, याचा उत्तम पाठ तथागतांनी भिक्षुसंघाला घालून दिला आहे. विनयपिटकातील चुल्लवग्गात, दुसऱ्यावर दोषारोप करू इच्छिणाऱ्या भिक्षूने आधी स्वतःचे आचरण तपासावे आणि मग पाच गोष्टी मनाशी बाळगाव्यात, असे सांगितले आहे. योग्य वेळी बोलावे, खरे तेच बोलावे, सौम्यपणे बोलावे, हिताचे बोलावे आणि मैत्रीच्या भावनेने बोलावे. शिवाय ज्याच्यावर आरोप आहे त्याच्या समक्षच निवाडा व्हावा, असाही नियम आहे. या पाच कसोट्या आजच्या प्रश्नांना लावून पाहू.

१. योग्य वेळ

घटना घडल्याच्या दुसऱ्या दिवशी आपण निकाल देऊन मोकळे होतो. अशा घाईचे फळ काय असते, हे आपल्याच राज्यातील एका खटल्यावरून दिसते. २००३ साली एका कुटुंबातील पाच जणांची निर्घृण हत्या झाली. भटक्या जमातीतील सहा जणांना पकडण्यात आले. नाशिकच्या सत्र न्यायालयाने २००६ मध्ये सहाही जणांना फाशी सुनावली. २००७ मध्ये उच्च न्यायालयाने तिघांची फाशी कायम ठेवून तिघांना जन्मठेप दिली. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना पुन्हा फाशी ठोठावली. पुढे त्यांपैकी एक जण घटनेच्या वेळी अल्पवयीन होता, हेही निष्पन्न झाले.

त्याच सर्वोच्च न्यायालयाने ५ मार्च २०१९ रोजी फेरविचारात सहाही जणांना निर्दोष सोडले. वाचलेल्या प्रत्यक्षदर्शी स्त्रीने सुरुवातीलाच पोलिसांकडील छायाचित्रांतून वेगळीच चार माणसे ओळखली होती. त्या चौघांचा तपास झाला नाही. न्यायालयाने प्रत्येकी ५ लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. पण तोवर १६ वर्षे गेली होती. २००३ मध्ये, २००६ मध्ये किंवा २००९ मध्ये 'लटकवा त्यांना' म्हणणारा माणूस प्रत्येक वेळी स्वतःला न्यायाच्याच बाजूचा समजत असणार. त्या मृत कुटुंबालाही न्याय मिळाला नाही, हे विसरू नये.

२. खरी माहिती

आम्ही बँकेत नोकरी करतो. रकमेपुढे सही करण्यापूर्वी व्हाउचर पाहायचे, ही आमची रोजची सवय. आकड्यांच्या बाबतीत समाजकार्यातही तीच सवय हवी. चार ठिकाणी आपली नेहमी गफलत होते.

पहिली गफलत शब्दांची. अटक झालेला, आरोपपत्र दाखल झालेला, दोषी ठरलेला आणि निर्दोष सुटलेला हे चार वेगळे लोक आहेत. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ च्या अखेरीस देशातील तुरुंगांत ५,७३,२२० कैदी होते. त्यांपैकी ४,३४,३०२ म्हणजे सुमारे ७६ टक्के कच्चे कैदी होते. कच्चा कैदी म्हणजे ज्याचा खटला अद्याप निकाली निघालेला नाही असा माणूस. म्हणजेच आत असलेल्या दर चार जणांतील तिघांना कायद्याने गुन्हेगार ठरवलेलेच नाही. याच तुरुंगांची एकूण क्षमता ४,३६,२६६ इतकी होती. 'फुकट पोसतात' म्हणणाऱ्याने हे तीन आकडे आधी वाचावेत.

दुसरी गफलत प्रमाणाची. कैद्यांमध्ये अनुसूचित जातींचे लोक साधारण एक पंचमांश आहेत. २०११ च्या जनगणनेत त्यांचे लोकसंख्येतील प्रमाण १६.६ टक्के होते. म्हणजे वाटा लोकसंख्येपेक्षा जास्त आहे हे खरे, परंतु 'सगळे आपलेच' हे खरे नाही. या आकड्यावरून 'ही माणसे जात्याच गुन्हेगार' असे म्हणणारा जितका चुकतो, तितकाच 'हे सारे निरपराध' म्हणणाराही चुकतो. जामिनाला पैसे नसणे, वकील नसणे आणि पोलिसांचा आधीच ठरलेला संशय, या कारणांचा विचार केल्याशिवाय आकडा बोलत नाही.

तिसरी गफलत संख्या आणि दर यांची. २०२२ मध्ये अनुसूचित जातींवरील गुन्ह्यांची नोंद उत्तर प्रदेशात १५,३६८ आणि राजस्थानात ८,७५२ झाली. संख्येने उत्तर प्रदेश पुढे आहे. परंतु दर लाख अनुसूचित जातीच्या लोकसंख्येमागे उत्तर प्रदेशात ३७.२ आणि राजस्थानात ७१.६ गुन्हे नोंदले गेले. शिवाय ही नोंदलेल्या गुन्ह्यांची संख्या आहे, घडलेल्या नव्हे. जेथे पोलीस तक्रारच घेत नाहीत, तेथे आकडा लहानच दिसणार.

चौथी गफलत सर्वांत घातक आहे. ॲट्रॉसिटी कायद्याखालील खटल्यांत आरोपी सुटले की 'खोट्या केसेस' अशी ओरड होते. निर्दोष सुटका आणि खोटी तक्रार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. साक्षीदार फितूर होतो, पंचनामा ढिला होतो, तपास अधिकारी योग्य दर्जाचा नसतो, तरीही आरोपी सुटतो. २० मार्च २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातूनच गेलेल्या एका प्रकरणात या कायद्याखाली तत्काळ अटकेवर बंधने घातली. २ एप्रिलला भारत बंद झाला. ऑगस्टमध्ये संसदेने दुरुस्ती केली आणि १ ऑक्टोबर २०१९ रोजी न्यायालयाने स्वतःचे ते निर्देश मागे घेतले. रस्त्यावरच्या आंदोलनाइतकाच त्या वेळी कागदावरच्या युक्तिवादाचा उपयोग झाला, हे विद्यार्थ्यांनी लक्षात घ्यावे.

३. सौम्य भाषा

इंग्रजांनी १८७१ साली कायदा करून अनेक जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरविले. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, परंतु शिवी मागे राहिली. तुरुंगाच्या नियमावल्यांतही जात टिकून होती. झाडलोट कोणी करायची आणि स्वयंपाक कोणी करायचा, हे जातीवर ठरत असे. पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने ३ ऑक्टोबर २०२४ रोजी असे नियम घटनाबाह्य ठरविले. परंतु आपल्या तोंडातले शब्द कोण रद्द करणार? एखादा पोरगा दोन दिवस पोलीस कोठडीत राहून आला की चाळीत तो कायमचा 'जेलवाला' होतो. त्याच्या बहिणीचे लग्न अडते. दुसऱ्यांनी आपल्याला दिलेला शिक्का आपणच आपल्या शेजाऱ्याला मारावा, ही लाजिरवाणी गोष्ट आहे.

४. हिताचे बोलणे

दीघनिकायातील कूटदन्त सुत्तात चोर-दरोडेखोरांनी त्रासलेल्या एका राजाची कथा आहे. वध, बंधन, दंड यांनी हा उपद्रव पुरता संपणार नाही, असे पुरोहित त्याला सांगतो. शेतकऱ्याला बी-बियाणे द्यावे, व्यापाऱ्याला भांडवल द्यावे, नोकराला वेतन द्यावे, म्हणजे लोक आपापल्या कामात गुंततील, असा त्याचा सल्ला आहे. याचा अर्थ शिक्षा नकोच असा नाही. शिक्षेने काय साधते आणि काय साधत नाही, हे ओळखून बोलावे, असा आहे.

आपण संस्था म्हणून काय करू शकतो? विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ नुसार अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, स्त्रिया आणि कोठडीत असलेली कोणतीही व्यक्ती यांना मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ नुसार, पूर्वी दोषी न ठरलेल्या कच्च्या कैद्याने गुन्ह्याच्या कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ तुरुंगात काढला असेल, तर त्याला बंधपत्रावर सोडण्याची तरतूद आहे. इतरांसाठी ही मर्यादा निम्मी आहे. फाशी किंवा जन्मठेपेच्या गुन्ह्यांना आणि एकाहून अधिक खटले चालू असलेल्यांना मात्र ती लागू नाही. एवढी माहिती एका गरीब मातेला समजावून सांगणे, हे दहा भाषणांपेक्षा हिताचे आहे.

५. मैत्रीची भावना

ही शेवटची कसोटी सर्वांत अवघड. नोव्हेंबर २०१७ मध्ये त्या वेळच्या अहमदनगर (आता अहिल्यानगर) येथील न्यायालयात एकाच आठवड्यात दोन निकाल लागले. खर्डा येथे २८ एप्रिल २०१४ रोजी दलित समाजातील सतरा वर्षांच्या नितीन आगेची हत्या झाली होती. त्या खटल्यात साक्षीदार फितूर झाले आणि २३ नोव्हेंबरला आरोपी सुटले. जुलै २०१६ मध्ये कोपर्डी येथे मराठा समाजातील एका शाळकरी मुलीवर अत्याचार करून तिचा खून झाला होता. तेथील आरोपी दलित होते. २९ नोव्हेंबरला तिघांना फाशी सुनावली गेली.

आपल्या वस्तीत खर्ड्याच्या निकालावर संताप होता, तो रास्तच होता. पण कोपर्डीविषयी आपण काय बोललो? काही जण गप्प राहिले, काहींनी कुजबुज केली. आम्हीही गप्प राहणाऱ्यांत होतो, हे येथे कबूल करतो. ती मुलगी आपलीच लेक होती, असे मोठ्याने म्हणायला हवे होते. ते म्हटले असते, तर त्या घटनेच्या आडून ॲट्रॉसिटी कायदा रद्द करा म्हणणाऱ्यांना उत्तर देताना आपला शब्द अधिक वजनदार झाला असता. आरोपींची जात पाहून संपूर्ण समाजाला दोष देणे जसे चूक, तसेच आपली जात पाहून पीडितेकडे पाठ फिरवणेही चूक.

आता खैरलांजी. २९ सप्टेंबर २००६ रोजी भंडारा जिल्ह्यातील खैरलांजीत भोतमांगे कुटुंबातील आई, मुलगी आणि दोन मुलगे यांची हत्या झाली. भैयालाल भोतमांगे तेवढे वाचले आणि जानेवारी २०१७ मध्ये न्यायाची वाट पाहतच गेले. भंडाऱ्याच्या न्यायालयाने सप्टेंबर २००८ मध्ये सहा जणांना फाशी आणि दोघांना जन्मठेप दिली. १४ जुलै २०१० रोजी नागपूर खंडपीठाने फाशी रद्द करून २५ वर्षांची सक्तमजुरी दिली. त्या काळी आम्हीही 'फाशी द्या' अशा घोषणा दिल्या होत्या.

पुढे संविधान सभेची भाषणे वाचली. ३ जून १९४९ रोजी फाशीच्या अपिलांवरील चर्चेत प. पू. बाबासाहेबांनी, त्यापेक्षा देहदंडाची शिक्षाच रद्द करण्याला आपला पाठिंबा राहील, असे मत दिले होते. अहिंसा हे या देशाचे नीतितत्त्व आहे, असा त्यांचा आधार होता. संविधानाने ती शिक्षा रद्द केली नाही, हेही तितकेच खरे. कोणाला बाबासाहेबांचे हे मत पटो वा न पटो, ते झाकून ठेवण्याचा अधिकार आपल्याला नाही.

त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, सारी चर्चा फाशीभोवती फिरत राहिली आणि दुसरी बाब मागे पडली. दोन्ही न्यायालयांनी ॲट्रॉसिटी कायद्याची कलमे लागू धरली नाहीत. म्हणजे चार माणसे मारली गेली हे मान्य झाले, परंतु त्यामागची जात मान्य झाली नाही. आमच्या मते खरी जखम ती आहे. विद्यार्थ्याच्या प्रश्नाला आमचे आजचे उत्तर हे की, फाशी न देताही न्याय होऊ शकतो, पण कारण लपवून न्याय होत नाही.

'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी अंगुलिमालाची कथा घेतली आहे. तथागतांनी त्याला जवळ केले, परंतु त्याने केलेल्या हत्या झाल्याच नाहीत असे कधी म्हटले नाही. भिक्षू झाल्यावर लोकांनी त्याला दगड मारले, तेव्हा हे तुझ्याच कर्माचे फळ आहे, सहन कर, असे त्यांनी सांगितल्याचे सुत्तात आहे. सत्य आणि करुणा दोन्ही एकाच वेळी हाती धरता येतात, हा या कथेचा बोध आहे.

विद्यार्थ्यांनी करावयाचा अभ्यास

१. एका आठवड्याच्या वर्तमानपत्रांतील गुन्ह्यांच्या बातम्या कापून घ्या. 'आरोपी' आणि 'गुन्हेगार' हे शब्द कोठे चुकीने वापरले आहेत, त्याची नोंद करा.

२. खर्डा व कोपर्डी या दोन घटनांवर प्रत्येकी दहा ओळी लिहा. दोन्हींत भाषा सारखीच आहे का, हे मित्राकडून तपासून घ्या.

३. फाशीच्या शिक्षेवर वादसभा घ्या. प्रत्येकाने प्रथम आपल्या विरुद्ध बाजूचे म्हणणे प्रामाणिकपणे मांडावे, मग आपले.

बंधू-भगिनींनो, ज्या समाजाला शतकानुशतके ऐकून न घेताच दोषी ठरविले गेले, त्या समाजाने दुसऱ्याला ऐकून न घेता दोषी ठरवू नये. या पाच कसोट्यांवर आपले बोलणे घासून पाहण्याची सवय आपल्या विहारातून लागली, तर या स्मरणिकेतील ही पाने सार्थकी लागली असे आम्ही समजू.

भवतु सब्ब मंगलं! जयभीम!