पर्यटक व्हिसावरची नोकरी

प्रश्न : दलाल पर्यटक व्हिसावर थायलंडला नोकरीसाठी नेतो म्हणतो, जावे का? (एक वाचक, केज, जि. बीड)

उत्तर : जाऊ नये. उचल, म्हणजे मुकादमाकडून हंगामापूर्वी घेतलेली आगाऊ रक्कम, फिटेपर्यंत फड सोडता येत नाही, हे बीडच्या ऊसतोड कामगारांना वेगळे सांगायला नको. अशाच नोकऱ्यांच्या आमिषाने लोकांना जेथे नेतात, त्या म्यानमार-थायलंड सीमेवरील सायबर-गुलामीत, म्हणजे डांबून ठेवून ऑनलाइन फसवणूक करवून घेण्याच्या धंद्यात, तसेच कर्ज पासपोर्ट काढून घेऊन लादले जाते, आणि मार्च २०२५ मध्ये तेथील ५४९ भारतीयांना वायुदलाच्या विमानांनी परत आणावे लागले. एजंट १९८३ च्या उत्प्रवासन कायद्याखाली नोंदणीकृत आहे की नाही, हे सरकारच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर तपासता येते. भारतीय न्याय संहितेच्या कलम १४३ नुसार मानवी तस्करीत पीडिताची संमती गैरलागू ठरते. त्यामुळे स्वखुशीने गेलेल्यालाही तक्रार करता येते.