बलाढ्य राष्ट्राची तलवार आणि चार कसोट्या



एखादा राज्यकर्ता आपल्याच प्रजेवर जुलूम करीत असेल, तर बलाढ्य राष्ट्राने सैन्य पाठवून त्याला दूर करावे काय? ‘गुंडाला आवरणारा कोणीतरी हवाच,’ असे एक जण म्हणतो. ‘दुसऱ्याच्या घरात शिरण्याचा अधिकार कोणी दिला?’ असे दुसरा विचारतो. आपण बाजू घेण्यापूर्वी ख्रिस्तसभेचे माप हाती घेऊ या.

संत ऑगस्टीन व संत थॉमस अक्वायनस यांच्यापासून चालत आलेली ही शिकवण कॅथलिक धर्मशिक्षण ग्रंथात (क्र. २३०९) दिली आहे. तिच्या कसोट्या चार :

१. आक्रमकाने केलेली हानी गंभीर, निश्चित व टिकून राहणारी असावी.
२. इतर सर्व उपाय निष्फळ ठरलेले असावेत.
३. यशाची खरीखुरी आशा असावी.
४. शस्त्रांमुळे मूळ दुष्टाईहून मोठी दुष्टाई ओढवू नये.

या चारही कसोट्या एकाच वेळी पूर्ण व्हाव्या लागतात.

आता इराककडे पाहू. सद्दाम हुसेन जुलमी होता, यात शंका नाही. १९८८ साली हलबजा येथे त्याने हजारो कुर्दांना विषारी वायूने मारले. परंतु २००३ साली अमेरिकेने युद्धासाठी जे मुख्य कारण दिले ते महासंहारक अस्त्रांचे होते. संयुक्त राष्ट्रांचे निरीक्षक तेव्हा तपास करीतच होते. पोप जॉन पॉल दुसरे यांनी, युद्ध हा मानवतेचा पराभव असतो, असे बजावले. ५ मार्च, राखेचा बुधवार, हा दिवस त्यांनी शांतीसाठी उपवास व प्रार्थनेचा ठरविला. त्याच दिवशी त्यांचे दूत कार्डिनल पिओ लागी राष्ट्राध्यक्ष बुश यांना भेटले. तरीही २० मार्चला युद्ध सुरू झाले. अस्त्रांचे साठे नव्हतेच, हे २००४ साली अमेरिकेच्याच तपास पथकाने सांगितले.

सद्दामची सत्ता काही आठवड्यांत कोसळली. पण चौथ्या कसोटीचे उत्तर पुढच्या वर्षांनी दिले. यादवीत असंख्य निरपराध मेले. २००८ साली मोसुलचे खाल्डियन आर्चबिशप पॉलोस फराज राहो यांचे अपहरण झाले व त्यांचा मृतदेहच हाती लागला. २०१४ साली दहशतवाद्यांनी मोसुलमधील ख्रिस्ती लोकांना घरेदारे सोडायला लावली. २०२१ साली पोप फ्रान्सिस यांनी तेथील पडक्या चर्चेसमध्ये उभे राहून प्रार्थना केली.

मग हस्तक्षेप कधीच करू नये काय? तसेही म्हणता येत नाही. १९९४ साली रवांडात सुमारे शंभर दिवसांत लाखो लोकांची कत्तल झाली. संहार चालू असतानाच सुरक्षा परिषदेने तेथील शांतिसेना कमी केली. हात बांधून बसणे हेही पाप ठरू शकते.

म्हणून ‘अमेरिका चांगली की वाईट’ हा आपला प्रश्न नव्हे. ज्यांच्यासाठी तलवार उपसली असे सांगितले जाते, ते वाचले की चिरडले गेले, हे ख्रिस्ती माणसाने विचारावे. गेथसेमनी बागेत प्रभूच्या रक्षणासाठी उपसलेली तलवारही प्रभूने म्यान करायला लावली, याचा विसर पडू नये.

चर्चेसाठी प्रश्न :
१. इराक युद्ध कोणत्या कसोटीवर उतरले नाही?
२. रवांडात चारही कसोट्या पूर्ण होत होत्या काय?
३. घरातील वा गावातील तंट्यात आपण दुसरी कसोटी पाळतो काय?