भूकंपाचा उगम कोठे? – तीन वर्तुळांचा पाठ

11 डिसेंबर 1967 च्या पहाटे कोयनानगरचा आणि 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. दोन्ही वेळी धक्का दूरदूरच्या गावांना जाणवला. झोपेतून दचकून बाहेर धावलेल्या माणसास भूमी हादरली एवढेच कळते; उगम कोठे, हे कळत नाही. मदत मात्र नेमक्या ठिकाणी विनाविलंब पोचावयास हवी. हे ठिकाण कसे शोधतात, ते वरच्या वर्गातील मुलांस साधे अंकगणित व कंपास यांच्या साहाय्याने शिकविता येईल.

विषयविवेचन

भूगर्भात खडक जेथे प्रथम तुटून सरकतो त्या स्थानास नाभी म्हणतात. नाभीच्या बरोबर वर, भूपृष्ठावर असलेला बिंदू म्हणजे अपिकेंद्र. नाभीपासून दोन प्रकारच्या लहरी एकाच क्षणी निघतात. प्राथमिक लहरीत खडकाचे कण लहरीच्या दिशेनेच पुढेमागे हलतात. दुय्यम लहरीत ते तिच्या दिशेशी आडवे हलतात. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातील ओल्डहॅम यांनी 1897 च्या आसाम भूकंपाच्या नोंदी अभ्यासून या लहरी वेगवेगळ्या ओळखल्या.

कठीण खडकातून प्राथमिक लहर सेकंदास सुमारे 6 किलोमीटर, तर दुय्यम लहर सुमारे 3.5 किलोमीटर जाते. म्हणजे 84 किलोमीटर अंतरास पहिलीला 14 सेकंद लागतात व दुसरीला 24. फरक 10 सेकंदांचा. यावरून, फरकाच्या प्रत्येक सेकंदामागे अंतर सुमारे 8.4 किलोमीटर, असा नियम मिळतो. एकाच गावाहून एकाच वेळी निघालेला सायकलस्वार व पादचारी यांचा दृष्टांत येथे द्यावा. गाव जितके दूर, तितका पादचारी अधिक मागे पडतो.

वर्गातील कृती

प्रथम मुलांना एका ओळीत, पुढच्याच्या खांद्यावर हात ठेवून उभे करावे व शेवटच्या मुलास हलकेच ढकलावे. धक्का पुढे सरकतो. ही प्राथमिक लहर. नंतर दोरीचे एक टोक धरून दुसरे आडवे हलवावे; ही दुय्यम लहर.

मग महाराष्ट्राचा प्रमाणबद्ध नकाशा घ्यावा. दोन लहरींतील फरक पुण्यास 15, कोल्हापुरास 11 व मुंबईस 23 सेकंद आहे असे समजावे. (हे आकडे केवळ पाठासाठी कल्पिले आहेत.) अंतरे अनुक्रमे सुमारे 126, 92 व 193 किलोमीटर येतात. पुणे मध्य धरून पहिले वर्तुळ काढल्यावर विचारावे, “भूकंप कोठे झाला?” परिघावर कोठेही झालेला असू शकेल, कारण एका नोंदीतील या फरकावरून अंतर कळते, दिशा नव्हे. कोल्हापूरचे वर्तुळ पहिल्यास दोन ठिकाणी छेदते. कोणते खरे, याचा निर्णय मुंबईचे तिसरे वर्तुळ करते. तिन्ही वर्तुळे कोयनानगराजवळ एकत्र येतील.

रेषा अगदी एका बिंदूत न मिळता लहानसा त्रिकोण उरल्यास मुलांची चूक मानू नये. खडक सर्वत्र सारखा नसतो आणि नाभी काही किलोमीटर खोल असते. म्हणूनच शास्त्रज्ञ अनेक केंद्रांच्या नोंदी घेऊन संगणकावर गणित करतात.

शिक्षकांस सूचना

या रीतीने झालेल्या भूकंपाचे स्थान कळते. पुढचा भूकंप कोणत्या दिवशी व कोणत्या वेळी होईल, हे सांगण्याची खात्रीची रीत आजही उपलब्ध नाही. तसे सांगणाऱ्या अफवेवर विश्वास ठेवू नये, हे मुलांच्या मनावर ठसवावे. धक्का बसताच मजबूत मेजाखाली जाऊन मस्तक झाकावे आणि धक्का थांबल्यावर गर्दी न करता मोकळ्या जागी यावे, याचा सराव याच तासात घ्यावा. मुलाने घरी जाऊन हे सांगितले, तर पाठ शाळेच्या भिंतीबाहेर पोचला असे समजावे.