लंगोटावरचा रंग

लेक दीड महिन्याची होईपर्यंत मी तिला रोज सकाळी कोवळ्या उन्हात घेऊन बसायचे. पहिल्या आठवड्यातली साधी कावीळ बहुधा आपोआपच जाते, श्रेय मात्र उन्हाला मिळतं. आमची गेली नाही.

लंगोट धुताना दिसत होतं. शूचे पिवळे डाग निघत नव्हते, आणि शी कालवलेल्या शाडूसारखी पांढुरकी. "अंगावरचं पिते, फिकीच असायची," सासूबाई म्हणाल्या. डॉक्टरही म्हणाले, थांबा. मग गळ्यात काविळीची माळ आली. पोर गुटगुटीत, हसायला लागलेली. आजारी कोण म्हणेल?

छप्पन्नाव्या दिवशी पुण्यात निदान झालं: बिलियरी अट्रेझिया. यकृतातलं पित्त आतड्यात नेणाऱ्या नळ्या बुजत जातात आणि साचलेलं पित्त यकृतच खराब करतं. 'कासाई' ऑपरेशन करावं लागेल म्हटल्यावर सासूबाईंनी पदर तोंडाला लावला. ते मोरिओ कासाई या जपानी सर्जनचं नाव, हे समजावण्यात दहा मिनिटं गेली.

मग घरात एकच प्रश्न, कशामुळे? ग्रहणात सुरी धरली होतीस का? पपई खाल्लीस का? मी सर्जनबाईंना विचारलं. नेमकं कारण अजून कुणाला सापडलेलं नाही, त्या म्हणाल्या. संशय विषाणूवर आहे, बाळाच्याच प्रतिकारशक्तीवर आहे, काही जनुकांवर आहे. काही बाळांची प्लीहाही वेगळी घडलेली असते, म्हणजे त्यांच्यात बिघाड गर्भातच सुरू झालेला. ऑस्ट्रेलियात एक रानवनस्पती खाल्लेल्या मेंढ्यांना असाच आजार असलेली कोकरं झाली. तिच्यातून विषही वेगळं काढलंय. ती चाकवताच्या कुळातली, हे कळल्यावर मी सातव्या महिन्यातल्या ताकातल्या चाकवताच्या वाट्या मोजू लागले. बाईंनी थांबवलं. माणसांत असा संबंध सिद्ध झालेला नाही. आणि जुळ्यांत हा आजार बहुतेकदा एकालाच होतो. पोट एकच, आईचं ताट एकच.

दोष शोधण्यात आमचे आणखी चार दिवस गेले. तुम्ही ते घालवू नका. दोन आठवड्यांनंतरही डोळे पिवळे असतील तर एकूण बिलिरुबिनवर भागवू नका, 'डायरेक्ट' वेगळं मोजायला सांगा. शी पांढुरकी असेल तर लंगोट तसाच डॉक्टरांकडे न्या. तैवानात २००४ पासून आईबापांना शीच्या रंगांचं कार्डच देतात. ऑपरेशन साठ दिवसांच्या आत झालेलं बरं. आमचं त्रेसष्टाव्या दिवशी झालं. पुढे यकृत बदलावं लागेल का, ते अजून ठरायचंय.

ऑपरेशननंतर आठव्या दिवशी लंगोटावर हळदीचा रंग दिसला. सासूबाईंनी तो धुऊ दिला नाही. वॉर्डातल्या प्रत्येक बाईला दाखवून आल्या.