मुक्तिधामचं मुक्तिघाम

फलकावर जागा कमी पडली की कोरलड्रॉमध्ये अक्षराची रुंदी ओढून 70 टक्क्यांवर आणायची, ही खोड मलाही होती. ती का सोडावी लागते, हे नाशिकची चार नावंच सांगतात: त्र्यंबकेश्वर, द्वारका, भगूर, मुक्तिधाम. असं दाबलं की उभ्या रेघा तीस टक्क्यांनी बारीक होतात, शिरोरेषेची जाडी मात्र तशीच राहते; म्हणजे भिंती कृश आणि वर जड तुळई. भ आणि ध यांची ओळख डोक्यावरच्या गाठीत आणि शिरोरेषेतल्या फटीत असते. ती फट आधी मिटते, मग लांबून भगूरचं मगूर आणि मुक्तिधामचं मुक्तिघाम होतं. (उन्हाळ्यात दुसरं फारसं चुकीचं नाही म्हणा!) द्वारकेतला 'द्व' आणि 'त्र्यं'मधलं जोडाक्षर तर नुसता काळा डाग उरतो. शिशाच्या टाइपात हा मोह नव्हता. अरुंद अक्षर हवं तर ते वेगळं कोरून, वेगळं ओतावं लागे.

मुळातच अरुंद रेखलेला टाइप ही निराळी गोष्ट. अहमदाबादच्या इंडियन टाइप फाउंड्रीचे 'खंड' आणि 'तेको' पाहा. दोन्ही मथळ्यांसाठी केलेले, देवनागरी व रोमन दोन्ही लिप्यांत, पाच-पाच वजनांत, आणि विनामूल्य मिळणारे. 'खंड'मध्ये रेघ जवळपास एकाच जाडीची आणि अक्षरांची पोटं मोकळी ठेवली आहेत, म्हणून रुंदी घटली तरी अक्षर गुदमरत नाही. पण इथेही रोमनची सवय नडते. रोमन कॅपिटल्सना वर-खाली काही नसतं, त्यामुळे ओळी एकमेकींना चिकटवता येतात. आपल्याकडे वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत अडकतो. आडवी जागा वाचवली तर उभी थोडी मोजावीच लागते. शिवाय ऐट यावी म्हणून अक्षरांत अंतर सोडलं की शिरोरेषा तुटते आणि शब्दाचे तुकडे पडतात. वाइनच्या बाटलीवर किंवा लग्नपत्रिकेवर नाजूक, जाड-बारीक रेघांचं उंच अक्षर शोभतं, कारण ते हातात धरून वाचतात. तेच महामार्गावरच्या फलकावर नेलं तर बारीक रेघा आधी नाहीशा होतात.

यावर दोन आक्षेप नेहमीचे. पहिला, फ्लेक्सचा दर चौरस फुटावर असतो, गिऱ्हाईक लांबलचक नाव आखूड करू देत नाही. खरं आहे, पण मग नाव दोन ओळींत तोडावं किंवा खालचे दोन-तीन मोबाइल नंबर कमी करावेत, जागा तेच खातात. दुसरा आक्षेप अधिक वजनाचा: लोक अक्षर वाचतच नाहीत, संदर्भाने ओळखतात. नाशिककराला द्वारका चौक फलकाशिवायही सापडतो, हे मान्य. पण 2027 च्या सिंहस्थाला येणाऱ्या परगावच्या माणसाकडे हा संदर्भ नसतो, आणि त्यातल्या अनेकांना आपली लिपीही सवयीची नसते. म्हणून छापायला देण्याआधी हीच चार नावं निवडलेल्या टाइपात लावावीत, कागद भिंतीला चिकटवावा, दहा-बारा पावलं मागे जावं आणि ज्याला मजकूर ठाऊक नाही अशा माणसाकडून तो वाचून घ्यावा.